बी.एड.च्या पहिल्या महिन्यात स्वतःविषयी काय लिहावे?

बी.एड.ला प्रवेश मिळाला, फी भरली, ओळखपत्र हातात आले, की पहिल्या काही आठवड्यांत एखाद्या तासाला प्राध्यापक एक छोटेसे काम देतात: तंत्रज्ञानाची तुमची पार्श्वभूमी काय आणि तुम्ही कसे शिकता, यावर एक-दोन पानांचे टिपण लिहून आणा. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमावलीनंतर बी.एड. दोन वर्षांचे झाले. आयसीटीची चिकित्सक जाण आणि स्वतःची ओळख ही कामेही तेव्हाच अभ्यासक्रमात आली, आणि त्यांच्याबरोबर असली टिपणे. गुणांच्या हिशेबात या टिपणाला फारसे वजन नसते. म्हणून ते बसमध्ये किंवा आदल्या रात्री, मैत्रिणीचे पाहून लिहिले जाते.

माझे म्हणणे असे, की दोन वर्षांत तुम्ही पाठ टाचणांपासून सत्रकार्यापर्यंत जे जे लिहाल, त्यात तुमच्या स्वतःच्या सर्वांत उपयोगी पडू शकेल असे हेच टिपण आहे. त्यासाठी दोन गोष्टी सांभाळा. मला काय येते हे सांगण्याऐवजी मी काय काय केले आहे हे लिहा. आणि शिकण्याविषयी लिहिताना स्वतःवर कुठलाही शिक्का मारून घेऊ नका.

नेहमीचे टिपण कसे असते ते आधी पाहू. ‘मला संगणकाचे मूलभूत ज्ञान आहे. मी एमएस-सीआयटी उत्तीर्ण आहे. मला इंटरनेट, ई-मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप वापरता येते. मी व्हिज्युअल लर्नर आहे.’ यात खोटे काही नाही, पण हे वाचून प्राध्यापकांना तुमच्यासाठी काय करावे ते कळत नाही आणि तुम्हालाही कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. एमएस-सीआयटीचेच पाहा. एमकेसीएलने २००१ पासून चालवलेला हा अभ्यासक्रम महाराष्ट्रात लाखो मुलामुलींनी केला, कित्येकांनी बारावीच्या सुटीत, सरकारी नोकरीला लागतो म्हणून. त्यानंतर चार-पाच वर्षे ज्यांच्या हाताला कीबोर्ड लागला नाही, त्यांच्यापाशी प्रमाणपत्र आहे, हातातली सवय राहिलेली नाही. म्हणून प्रमाणपत्राचे साल लिहा, आणि त्याच्या पुढे शेवटचा संगणक कधी व कशासाठी वापरला तेही लिहा. त्या दोन तारखांमधले अंतर प्राध्यापकांना प्रमाणपत्रापेक्षा जास्त सांगते.

एक प्रश्न मी प्रत्येकाला स्वतःला आवर्जून विचारायला सांगेन: तुमचा सीईटीचा फॉर्म कोणी भरला? त्या एका फॉर्ममध्ये केवढे काम दडलेले असते. ई-मेल आणि ओटीपीने नोंदणी करायची, फोटो व सही ठरावीक केबीत बसवायची, दाखले स्कॅन करून चढवायचे, ऑनलाइन पैसे भरायचे, पुढे कॅप फेरीत महाविद्यालयांचे पसंतीक्रम लावायचे. हे सगळे तुम्ही घरी बसून केले असेल, तर तुम्ही समजता त्याहून पुष्कळ पुढे आहात. नेट कॅफेत किंवा महा ई-सेवा केंद्रात कोणीतरी भरून दिला असेल, तर तसे सरळ लिहा. त्यात कमीपणा काही नाही. मात्र त्यातला कोणता टप्पा तुम्हाला अडला असता तेही लिहा. उद्या शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज भरायची वेळ येईल, तेव्हा तिथे केंद्रवाला नसेल आणि एखादा पालक आशेने तुमच्याकडेच पाहत असेल.

प्रत्येक कामापुढे तुम्ही कुठल्या पायरीवर आहात ते नोंदवा. मी चार पायऱ्या सुचवतो: दुसऱ्याला करताना पाहिले आहे, कोणी शेजारी बसून सांगितले तसे केले आहे, एकट्याने केले आहे, दुसऱ्याला शिकवले आहे. बहुतेकांची गाडी दुसऱ्या पायरीवर थांबलेली असते आणि त्यांना ते तिसरीवरचे वाटते. चौथी पायरी आपल्या धंद्याची आहे. आजीला व्हिडिओ कॉल लावायला शिकवला असेल तर तेही शिकवणेच. त्या वेळी तुम्ही फोन स्वतःच्या हातात घेतलात की तिच्या हातात राहू दिलात, हे आठवून लिहा. त्या एका वाक्यातून शिक्षक म्हणून तुमची आजची सवय समजते.

आता कोणती कामे नोंदवायची? यादी मनाने बनवू नका, आजची शाळा काय मागते त्यावरून ती ठरवा.

पहिले काम मराठी टायपिंगचे, कारण मराठी माध्यमाच्या शाळेत नव्या शिक्षकाकडे हटकून येणारे काम म्हणजे प्रश्नपत्रिका. फोनवर बोलून मजकूर उमटवणे बहुतेकांना जमते, पण विरामचिन्हे, जोडाक्षरे आणि गणिताची मांडणी तिथे हमखास अडते. संगणकावर तुम्ही युनिकोडमध्ये टाइप करता की श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये, हे लिहाच. जुन्या फॉन्टमधली फाइल, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की सगळी अक्षरे निरर्थक होतात, आणि हे लक्षात येते ते नेमके परीक्षेच्या सकाळी. राज्य परीक्षा परिषदेची मराठी टायपिंगची परीक्षा ज्यांनी दिली आहे, त्यांनी शब्दगतीसह ते नोंदवावे; वर्गात अशी दोन माणसे असली तर सगळ्या तुकडीचे काम हलके होते. ज्यांना काहीच येत नाही, त्यांना माझा सल्ला इन्स्क्रिप्ट शिकण्याचा आहे. विंडोजमध्ये हा कीबोर्ड आधीपासून असतो, स्वर आणि व्यंजने त्यात पद्धतशीर लावलेली आहेत, आणि रोज अर्धा तास दिला तर काही आठवड्यांत हात बसतो.

दुसरे काम गुणपत्रकाचे. पंचेचाळीस मुलांचे सहा विषयांचे गुण एक्सेलमध्ये भरायचे, बेरीज आणि टक्केवारी काढायची, नावे अकारविल्हे लावायची. बेरीज बहुतेकांना येते. क्रम लावताना मात्र घात होतो. नावांचा तेवढा रकाना निवडून क्रम लावला आणि गुणांचे रकाने जागच्या जागी राहिले, तर एका मुलाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातात आणि पाहणाऱ्याला काहीच खटकत नाही. हे तुम्हाला माहीत आहे का, हे टिपणात असू द्या. यू-डायस प्लस, सरल यांसारख्या सरकारी पोर्टलवर मुलांची माहिती भरण्याचे काम बी.एड.मध्ये सहसा कोणी शिकवत नाही. एखाद्या शाळेत ते कोणाला करताना पाहिले असेल, तर पहिल्या पायरीवर त्याची नोंद करा.

तिसरे म्हणजे वर्गात दाखवण्याचे काम. पीपीटी बनवता येणे आणि ती वर्गात चालवता येणे यांत बरेच अंतर आहे. लॅपटॉपला एचडीएमआयचे तोंड आहे आणि प्रोजेक्टर व्हीजीएचा, मग मधली जोडणी कुठून आणणार? पडद्यावर काहीच दिसत नसेल तर विंडोज आणि पी ही बटणे एकदम दाबायची, हे ठाऊक आहे का? व्हिडिओचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो का? आणि वीज गेली तर हाच पाठ फळ्यावर पुढे नेता येईल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी सर्वांत वर ठेवतो. ज्यांचे फलकलेखन चांगले आहे त्यांनी ते तंत्रज्ञानाच्या पार्श्वभूमीतच लिहावे. खडू, फळा, तक्ते, नकाशे, हाताने केलेल्या प्रतिकृती यांना शिक्षणशास्त्रात साधनेच म्हणतात, आणि त्यांचा वापर संगणकाइतक्याच कौशल्याने करावा लागतो.

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवरचे क्यूआर कोड आणि २०१७ मध्ये सुरू झालेला दीक्षा मंच यांविषयी एक ओळ लिहा: कधी स्कॅन करून पाहिले आहे का, आणि जे उघडले ते वर्गात वापरण्याजोगे वाटले का. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याच्या कामाच्या बळावर. त्यांच्या कामातून घेण्यासारखे हे, की कोडच्या मागे काय ठेवायचे, कोणत्या भाषेत आणि कोणत्या मुलांसाठी, याचा विचार शिक्षकालाच करावा लागतो.

यादीत न बसणाऱ्या गोष्टी पुष्कळजण गाळतात, आणि मला त्याचे फार वाईट वाटते. बी.एड.च्या वर्गात बावीस वर्षांची मुले असतात, तशा लग्नानंतर, मुले शाळेत जाऊ लागल्यावर शिक्षणाकडे परतलेल्या पस्तिशीतल्या स्त्रियाही असतात. शिवणयंत्र उघडून साफ करता येणे, बचत गटाचे हिशेब ठेवणे, दूध संकलन केंद्रावर फॅटचे यंत्र हाताळणे, विहिरीवरचा पंप मोबाइलने चालू-बंद करण्याची सोय स्वतः जोडणे, मंडळाच्या कार्यक्रमात ध्वनियंत्रणा सांभाळणे, हे सगळे लिहा. अनोळखी यंत्राजवळ न घाबरता गेल्याचे आणि ते बिघडल्यावर मार्ग काढल्याचे हे पुरावे आहेत. अमेरिकी लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये ‘डिजिटल नेटिव्ह’ ही कल्पना मांडली. संगणकयुगात जन्मलेल्या पिढीला तंत्रज्ञान मातृभाषेसारखे येते, असे त्यात गृहीत होते. पॉल किर्श्नर आणि पेद्रो द ब्राउकेरे यांनी २०१७ मध्ये उपलब्ध संशोधन तपासून दाखवले, की केवळ त्या काळात जन्मल्यामुळे असे कौशल्य येते याला आधार सापडत नाही. वर्गातही तेच दिसते. रील झटकन जोडणाऱ्या मुलाला फाइल कुठल्या फोल्डरमध्ये गेली ते सापडत नाही, आणि हिशेबाची सवय असलेली बाई एक्सेल भराभर उचलते. वयावरून स्वतःला कमीही लेखू नका आणि जास्तही समजू नका.

टाळेबंदीचा काळही या टिपणात यायला हवा. २०२५ मध्ये बी.एड.च्या पहिल्या वर्षाला आलेल्या कित्येकांचा दहावीचा भूगोलाचा पेपर मार्च २०२० मध्ये रद्द झाला, आणि अकरावी त्यांनी मोबाइलच्या पडद्यावर काढली. मोबाइलवरून शिकवलेले मूल कसे असते, हे आतून माहीत असलेली शिक्षकांची ही पहिलीच पिढी. घरात फोन एकच होता का, तो कोणाला आधी मिळायचा, कॅमेरा बंद ठेवून तुम्ही काय करायचात, कोणत्या शिक्षकांचे तरीही समजायचे आणि का, हे लिहा. ऑनलाइन अध्यापनावरच्या पुस्तकी प्रकरणात ही माहिती तुम्हाला मिळणार नाही, आणि तुमच्या प्राध्यापकांपाशीही ती नाही, कारण ते तेव्हा पडद्याच्या दुसऱ्या बाजूला होते.

आता शिकण्याच्या पद्धतीकडे वळू. इथे जरा थांबून, सावकाश बोलायला हवे.

बी.एड.च्या नोट्समध्ये तुम्हाला अध्ययनशैलींचे वर्गीकरण भेटेल. कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून, कोणी वाचून-लिहून, तर कोणी प्रत्यक्ष करून. न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग यांनी १९८७ मध्ये मांडलेली ‘वार्क’ ही प्रश्नावली यात सर्वाधिक प्रसिद्ध आहे. डेव्हिड कोल्ब यांचे अनुभवाधिष्ठित अध्ययनाचे चक्र १९८४ चे. हॉवर्ड गार्डनर यांची बहुविध बुद्धिमत्ता १९८३ ची; आपल्याकडे तीही सर्रास अध्ययनशैली म्हणून शिकवली जाते, जरी स्वतः गार्डनर यांनी त्या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे स्पष्ट सांगितले आहे. अशा वर्गीकरणांची संख्या किती असावी? फ्रँक कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये २००४ साली मोजली, तेव्हा ७१ भरली. त्यांतली १३ त्यांनी बारकाईने तपासली आणि बहुतेकांच्या विश्वसनीयतेबद्दल गंभीर शंका नोंदवल्या.

मुद्दा पसंतीचा असता तर वाद नव्हता. माणसांना पसंती असतेच. कोणाला व्हिडिओ आवडतो, कोणाला पुस्तक. दावा त्याच्या पुढचा आहे: शैली ओळखून त्याच शैलीत शिकवले तर मूल जास्त शिकते. हा दावा तपासायचा तर दोन्ही प्रकारच्या मुलांना दोन्ही पद्धतींनी शिकवून, सगळ्यांची एकच चाचणी घ्यावी लागते. हॅरोल्ड पॅशलर, मार्क मॅकडॅनियल, डग रोहरर आणि रॉबर्ट ब्यॉर्क यांनी २००८ मध्ये उपलब्ध अभ्यास पाहिले. असा कसोशीने केलेला प्रयोग त्यांना क्वचितच सापडला, आणि जे सापडले त्यांतले काही तर दाव्याच्या उलट बाजूचे निघाले. २०१५ मध्ये बेथ रोगोव्स्की आणि सहकाऱ्यांनी प्रौढ वाचकांवर नेमका तसाच प्रयोग केला. ऐकण्याची आवड असणाऱ्यांना ऐकवल्याने आणि वाचण्याची आवड असणाऱ्यांना वाचायला दिल्याने आकलनात अपेक्षित फरक पडला नाही.

परीक्षेत प्रश्न आला तर वर्गीकरण लिहावेच लागेल. ते नीट अभ्यासा. पण टिपणात ‘मी व्हिज्युअल लर्नर आहे’ असे लिहू नका. असे वाक्य हळूहळू सबब बनते. व्याख्यान डोक्यावरून गेले की माणूस म्हणतो, मला ऐकून समजत नाही. आणि नीट ऐकण्याचा, ऐकताना टिपणे घेण्याचा सराव तिथेच थांबतो. पुढे तोच माणूस शिक्षक होतो आणि पाचवीतल्या एखाद्या पोराला ‘हा हाताने करणारा आहे, याला वाचन जमायचे नाही’ असे बोलून मोकळा होतो. त्या पोराचे वाचन मग कोण घेणार? मला या शिक्क्यांची खरी भीती वाटते ती इथे.

शिवाय कोणत्या वाटेने शिकायचे हे पुष्कळदा विषयच ठरवतो. सावित्री, वाशिष्ठी, तेरेखोल कुठून कुठे वाहतात हे नकाशा पाहिल्याशिवाय कोणालाच नीट समजणार नाही, त्याची शैली काही असो. ओवीची चाल ऐकावीच लागते. अनुमापनाचा प्रयोग ब्युरेटच्या तोटीवर बोट ठेवल्याखेरीज येत नाही. आणि व्याकरणातला समास सोडवायला कागद-पेन घ्यावेच लागते.

मग लिहायचे काय? तीन प्रसंग निवडा. एक, जे तुम्ही उत्तम शिकलात. दुसरे, जे अर्धवट राहिले. तिसरे, प्रयत्न करूनही आले नाही. शाळेतलेच असले पाहिजेत असे नाही. पोहणे, हार्मोनियम, दुचाकी, इंग्रजी बोलणे, त्रिकोणमिती, काहीही चालेल. प्रत्येक प्रसंगात हे आठवा: पहिल्यांदा कोणी दाखवले? तुम्ही हात कधी घातला? चूक झाली तेव्हा ती कोणी आणि किती लवकर सांगितली? अडल्यावर कोणाकडे गेलात, की गेलाच नाहीत? मध्ये किती दिवस सोडून पुन्हा धरले? हे तीन प्रसंग एकाखाली एक मांडले की एक धागा दिसू लागतो, आणि तो बहुधा डोळे-कानांचा नसतो. चूक लगेच कळली तिथे तुम्ही शिकलात, सर्वांसमोर हसे झाले तिथे सोडून दिलेत, असा काहीतरी तो असतो. प्राध्यापकांना हे कळले तर सूक्ष्म अध्यापनाच्या पहिल्या पाठानंतर तुम्हाला प्रतिक्रिया गटासमोर द्यावी की बाजूला बोलावून, एवढे तरी ते ठरवू शकतील.

भाषेचा उल्लेख विसरू नका. मराठी माध्यमातून दहावी आणि मग विज्ञान शाखेची इंग्रजी पुस्तके, हा रस्ता आपल्यापैकी कित्येकांनी चालला आहे. त्या पहिल्या वर्षी तुम्ही कसे तगलात, समासात मराठी अर्थ लिहून, सूत्रे पाठ करून की मैत्रिणीकडून समजावून घेऊन, ही शिकण्याच्या पद्धतीविषयीची फार मोलाची माहिती आहे. परिस्थितीही लिहा: अभ्यासाला जागा कुठे, वेळ पहाटेचा की स्वयंपाक आटोपल्यावरचा, प्रवास किती.

एक गोष्ट मात्र शैली या सदरात कधीही ढकलू नका. दृष्टी अधू असणे, कमी ऐकू येणे, डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता असणे ही पसंती नव्हे, ती गरज आहे. दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. सर्वांसमोर सांगायचे नसेल तर टिपणात ‘याविषयी प्रत्यक्ष बोलायचे आहे’ एवढीच ओळ लिहा. अँड्रॉइडमधले टॉकबॅक आणि संगणकावरचे एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतात, आणि दोन्हीसाठी वेगळे पैसे लागत नाहीत. मागितल्याशिवाय ही सोय कोणी आणून देत नाही, म्हणून मागा.

नमुना म्हणून एक उतारा देतो. हा उतरवून घ्यायचा नाही. किती बारकाईने लिहायचे याचा अंदाज यावा एवढ्यासाठी आहे.

‘माझ्याकडे स्वतःचा अँड्रॉइड फोन आहे, घरी संगणक नाही. घरात रेंज येत नाही, ग्रामपंचायतीजवळ चांगली येते. २०१९ मध्ये एमएस-सीआयटी केले. त्यानंतर पदवीच्या प्रकल्पाचे टायपिंग दुकानातून करून घेतले, म्हणजे खऱ्या अर्थाने संगणकाला हात लागलेला नाही. सीईटीचा फॉर्म भावाने भरला. फोटो केबीत बसवणे मला जमले नसते. यूपीआय आणि रेल्वेचे तिकीट एकटी काढते. बचत गटाचा हिशेब वहीत ठेवते, तो एक्सेलमध्ये आणायचा आहे. शिवणकाम मी शिवलेले उसवून पाहत शिकले. पुढे कसे जोडले आहे ते कळल्याशिवाय माझा हात चालत नाही. इंग्रजी बोलण्याचा वर्ग सोडला, कारण पहिल्याच दिवशी उभे करून बोलायला लावले. सगळ्यांसमोर संगणक चालवायची भीती वाटते. आधी एकटीला अर्धा तास मिळाला तर जमेल. दिवाळीपर्यंत पाठ टाचण स्वतः टाइप करायचे आहे.’

या बाईसाठी काय करावे हे कोणत्याही प्राध्यापकाला पाच मिनिटांत सुचेल. संगणक कक्ष तासाआधी उघडून द्यावा, एक्सेलचा पहिला पाठ गुणपत्रकाऐवजी तिच्या बचत गटाच्या वहीवरून घ्यावा, आणि तयार केलेली फाइल उलगडून पाहायला द्यावी.

हे टिपण चॅटजीपीटीकडून लिहून घेण्याचा मोह होईल. भाषा गुळगुळीत मिळेल, पण रेंज ग्रामपंचायतीजवळ येते हे त्याला कुठून कळणार? शुद्धलेखन तपासायला अशा साधनाची मदत घेतली असेल तर तसे नमूद करा. आणि पाठ टाचणासाठी ते वापरत असाल, तर कशासाठी वापरता आणि आलेले उत्तर कशाशी ताडून पाहता, हे पार्श्वभूमीतच लिहा. आता ते सांगितल्याशिवाय पार्श्वभूमी पुरी होत नाही.

टिपण दिले की काम संपत नाही. पहिल्या दोन महिन्यांत स्वतःवर एक छोटा प्रयोग करा. तुमच्याच विषयाची सारख्या अवघडपणाची दोन प्रकरणे घ्या. एक, सवयीप्रमाणे दोन-तीनदा वाचा, खाली रेघा मारा. दुसरे एकदाच वाचा, पुस्तक मिटा आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहून काढा; राहिलेले पाहा आणि पुन्हा मिटून लिहा. आठ दिवसांनी दोन्हींवर स्वतःला प्रश्न विचारा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग केला. पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्यानंतर मात्र मिटून आठवणाऱ्यांना मजकुरातले ५६ टक्के आठवले आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यांतही स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने विभागणे या दोनच पद्धतींना सर्वांत वरचा दर्जा मिळाला. रेघा मारणे आणि पुनर्वाचन तळाशी राहिले. तुमचा अनुभव यापेक्षा वेगळा येऊ शकेल. आला तसा लिहा. ‘मला वाचून बरे वाटते, पण लिहून जास्त राहते’ हे वाक्य कुठल्याही प्रश्नावलीच्या निकालापेक्षा खरे असेल.

तंत्रज्ञानाच्या बाजूने एकच काम निवडा, आणि ते तुमच्या अध्यापन पद्धतीच्या विषयाशी बांधलेले असू द्या. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या टीपॅक या चौकटीचे मर्म हेच आहे: विषयाचे ज्ञान, शिकवण्याचे ज्ञान आणि साधनाचे ज्ञान सुटे सुटे असून भागत नाही, तिन्ही एका पाठात जुळावे लागतात. गणिताची पद्धत असेल तर जिओजेब्रावर एक प्रमेय हलवून दाखवायला शिका. विज्ञानवाल्यांना कोलोरॅडो विद्यापीठाची फेट ही प्रतिरूपे मराठीतही मिळतात. विद्युत परिपथापासून सुरुवात करा. मराठीच्या शिक्षकाने स्वतःचे कवितावाचन फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐकावे, पुन्हा वाचावे, पुन्हा ऐकावे. याहून स्वस्त आणि कठोर परीक्षक मिळणार नाही. भूगोलासाठी गूगल अर्थवर वरंधा किंवा आंबा घाट तिरका करून पाहा आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत उंची कशी बदलते ते मुलांकडून वाचून घ्या.

इंटर्नशिपला जाण्यापूर्वी हेच टिपण पुन्हा लिहा आणि जुने सोबत जोडा. कोणते काम कितव्या पायरीवरून कितव्या पायरीवर आले ते समोरासमोर दिसू द्या. या वेळी अर्धे पान शाळेसाठी राखून ठेवा. पहिल्या भेटीत मुख्याध्यापकांना विचारून घ्या: वर्गात स्मार्ट टीव्ही आहे की प्रोजेक्टर, तो शेवटचा कधी चालला, किल्ली कोणाकडे असते, भारनियमन किती वाजता, मुलांच्या घरी किती फोन आहेत आणि ते दिवसा घरी असतात की वडिलांबरोबर कामावर जातात. मुलांचे फोटो, व्हिडिओ काढण्याविषयी शाळेचा नियम काय, हेही विचारा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते, आणि तुमच्या सराव पाठाचा फोटो स्टेटसला टाकण्यात मुलांचा कसलाच फायदा नाही. फाइलसाठी फोटो लागलाच तर मुलांच्या पाठीमागून, फळा दिसेल असा घ्या.